कडी लावली, कुलूप राहिलं

उल्हासनगरच्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू नाही, असं आमच्याकडे म्हणतात. लग्नाचे कपडे, जीन्स, फर्निचर, आणि बिघडलेल्या कुठल्याही यंत्रात हात घालून ते पुन्हा चालू करणारी हुशार पोरं! अंबरनाथ-बदलापूरच्या बायका मिक्सरचं भांडं गळायला लागलं तरी पिशवीत घालून लोकलने कॅम्पात जातात. मीही त्यातलीच. म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी आमच्या मंडळाचा लॅपटॉप डोळेच उघडेना, तेव्हा मी तो आधी जुन्या ओढणीत, मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, लेडीज डब्यात तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला आणि उल्हासनगर गाठलं.

त्या दिवशी जे घडलं ते सांगायला मला दोन वर्षं लागली. कारण चूक माझीच होती.

आमचं मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. आम्ही सात जणी, भाड्याची एक खोली, एक स्टीलचं कपाट आणि एक पंखा. सासूबाईंच्या पिढीत भिशी आणि हळदीकुंकवापासून त्याची सुरुवात झाली. मी लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा 'बी. ए. झालीयेस ना, मग वह्या तू लिही' म्हणून सासूबाईंनीच मला तिथे नेऊन बसवलं. हळदीकुंकू संपलं, सगळ्या गेल्या, की एखादी मागे रेंगाळायची. वाण हातात घेऊन उभी. 'काय गं, काय झालं?' विचारलं की बांध फुटायचा. नवरा मारतो, दीर घराबाहेर काढतो, दागिने सासूने ठेवून घेतलेत. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तेव्हापासून संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज लिहून देणं, दवाखान्याचे कागद जमवणं, कोर्टात सोबत जाऊन बसणं ही आमची कामं वाढतच गेली.

त्याच २००५ सालची २६ जुलै आमच्या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. उल्हास नदी बदलापुरात शिरली, वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरच्या घराघरांतून वाहिली. मंडळाच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. कपाटातल्या वह्या फुगून दुप्पट झाल्या. आम्ही त्या दोरीवर वाळत घातल्या, पण शाई गेली ती गेलीच. एका बाईने तारीख-वार सांगून लिहवून घेतलेली तीन वर्षांची हकिगत नुसता निळा डाग होऊन बसली होती. ते पान हातात धरून ती म्हणाली, 'आता पुन्हा सगळं आठवू का?'

तेव्हापासून कागदावरचा माझा भरवसाच उडाला. मी रीतसर एमएससीआयटीचा कोर्स केला, पुढे मंडळाने कॉम्प्युटर घेतला, आणि तो म्हातारा झाल्यावर वर्गणी काढून एक सेकंडहँड लॅपटॉप. वह्यांतला मजकूर उतरवला. कागदांचे फोटो काढून ठेवले. जखमांचेही. कोर्टात लागतात म्हणून. हाताचे, पाठीचे, चेहऱ्याचे. आणि या सगळ्याला मी पासवर्ड लावला. लॅपटॉप चालू केला की एक सुंदर डोंगराचं चित्र यायचं आणि खाली पासवर्डची चौकट. तो पासवर्ड फक्त मला आणि खजिनदारबाईंना ठाऊक. मला वाटायचं, झालं! तिजोरी बंद.

दुकान म्हणजे एक चिंचोळी जागा, वर लटकणारा दिवा आणि त्याखाली विशी-बाविशीचा एक मुलगा. त्याने लॅपटॉप उलटा केला.

'पासवर्ड आहे हं त्याला,' मी जरा ऐटीतच सांगितलं. 'उघडायचं असेल तर मी टाकून देईन. माझ्यासमोर.'

'उसकी जरूरत नहीं, आंटी.'

आंटी म्हटल्याचा राग यायलाही वेळ मिळाला नाही. त्याने मागचे स्क्रू काढले, पत्त्यांच्या कॅटाएवढी एक चपटी डबी बाहेर ओढली, तिला एक केबल जोडली आणि ती केबल स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. मशीनचा बोर्ड गेलाय, पण हार्डडिस्क शाबूत आहे, माल वाचेल, हे मला दाखवावं एवढाच त्याचा चांगला हेतू. त्याच्या पडद्यावर एकदा 'कंटिन्यू?' असं काहीतरी विचारलं गेलं. त्याने बटण दाबलं. आणि माझं सगळं कपाट त्याच्या समोर उघडं! डोंगराचं चित्र नाही, चौकट नाही, पासवर्ड नाही. 'केसेस' नावाचं फोल्डर. त्यात वर्षं. त्यात नावं. त्याने सहज एकावर टिचकी मारली.

एका बाईचा चेहरा आला. डोळ्याखाली काळं-निळं.

'ये तो अपने साइड की है...' तो म्हणाला. आणि मग त्याला कळलं आपण काय बघतोय ते. त्याने घाईघाईने खिडकी बंद केली, केबल उपटली आणि 'सॉरी आंटी' म्हणून डिस्क माझ्या हातात दिली. त्याचे कान लाल झाले होते. माझे तळहात गार.

मुंबईत एखाद्या दुकानदाराने फोटो पाहिला असता तर तो त्याच्या लेखी कुठलीशी बाई. आमच्याकडे तसं नसतं. कॅम्प एक ते पाच, अंबरनाथ पूर्व-पश्चिम, बदलापूर हा सगळा म्हटलं तर एकच वाडा. कुणाची वहिनी कुणाच्या मावशीची शेजारीण निघते. त्या बाईच्या नवऱ्याचे भाऊबंद बाजारात दुकानं मांडून बसलेले. मुलगा चांगला निघाला, ते माझं नशीब. वाईट निघाला असता तर?

घरी येताना डिस्क पर्समध्ये होती आणि पर्स मी दोन्ही हातांनी धरली होती.

मंडळात दोन दिवस खल झाला. त्या बाईला सांगायचं की नाही? 'कशाला घाबरवायचं? काही झालं तर नाही ना,' असं बहुतेकींचं म्हणणं. मला ते पटलं नाही. तिचं गाऱ्हाणं तिने माझ्या हवाली केलं होतं, मंडळाच्या नव्हे. मी गेले. ती घरी जीन्सचे दोरे कापायचं काम करते. भोवती निळ्या पँटींचा ढीग, हातात छोटी कात्री. मी सांगत होते आणि ती दोरे कापत होती. माझं संपल्यावर एवढंच विचारलं, 'त्याने ओळखलं, की नुसतं बघितलं?'

'ओळखीची वाटलीस म्हणाला. नाव नाही घेतलं.'

'ताई, तुमच्याकडे बोललं म्हणजे विहिरीत दगड टाकला, असं मला वाटलं होतं.'

ती रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, 'फोटो पुसून टाकू?' तर ती म्हणाली, 'पुसून कसं चालेल? वकील मागतायत.' खरंच होतं ते. फोटो हवाही होता आणि कुणाला दिसायलाही नको होता.

मग मी पुन्हा त्याच मुलाकडे गेले. त्याच्याइतकं हे मला दुसरं कोण समजावणार? वडापाव मागवला आणि म्हटलं, 'बाबा रे, मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली बाई आहे. मला नीट सांग, मी पासवर्ड लावला होता तो गेला कुठे?' त्याने हिंदी-मराठीच्या खिचडीत जे सांगितलं, आणि पुढे मी विचारत, वाचत गेले, ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

आपण लॅपटॉप उघडताना जो पासवर्ड घालतो तो विंडोजचा. म्हणजे घराच्या पुढच्या दाराची कडी. दारातून येणाऱ्याला ती अडवते. पण हार्डडिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडणं म्हणजे अख्खं कपाटच खिडकीतून बाहेर काढून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणं. तिथे आपल्या दाराची कडी काय करणार?

कपाटाला स्वतःचं कुलूप हवं. ते असतं! बऱ्याच लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षं ही सोय आहे आणि आपल्याला कुणी सांगितलेलीच नाही. यंत्र चालू करताना, विंडोज यायच्या आधी, एफ-टू किंवा एफ-टेनसारखं एखादं बटण दाबलं (प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं) की एक निळा नाहीतर काळा पडदा येतो. त्याला बायोस म्हणतात. त्यात 'सिक्युरिटी' या सदरात 'हार्डडिस्क पासवर्ड' असं लिहिलेलं सापडतं. तिथे पासवर्ड दिला की तो लॅपटॉपमध्ये नाही, त्या चपट्या डबीतच जाऊन बसतो. मग ती डबी काढा, कुठल्याही यंत्राला जोडा, ती आधी पासवर्ड मागणार. नाही मिळाला तर एक अक्षर वाचू देणार नाही. काही वेळा चुकलात तर उत्तर देणंच बंद करते. वीज बंद करून पुन्हा सुरुवात करावी लागते. तिथेच जवळपास बायोसचाही एक पासवर्ड असतो, दोन्हींत गल्लत करू नका. तो यंत्रापुरता असतो, डिस्क बाहेर काढली की त्याचा काही उपयोग नाही.

एक मात्र आहे. साध्या हार्डडिस्कच्या या कुलपामागे आतला मजकूर जसाच्या तसा असतो, फक्त दार बंद असतं. ज्यांचा धंदाच बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढायचा आहे, त्यांच्याकडच्या साधनांनी असं कुलूप कधी कधी निघू शकतं. गल्लीतल्या दुकानदाराला, चोराला, चौकस दिराला ते पुरेसं आहे. पण पक्कं काम हवं असेल तर मजकूरच गुप्त लिपीत लिहून ठेवायचा. आठवतं का, शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो? 'पाणी'चं 'चणीपा'! बाईंना वाटायचं पोरी काय बडबडतायत. तसंच, पण इतकं किचकट की किल्लीशिवाय जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना एकत्र बसवलं तरी उलगडा व्हायचा नाही. विंडोजमध्ये याला बिटलॉकर म्हणतात. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर तो आला, तेव्हा महागड्या आवृत्त्यांतच होता. आता घरगुती आवृत्तीतही बऱ्याच लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने त्याचं धाकटं भावंडं मिळतं. सेटिंगमध्ये जाऊन बघा. काहींच्या नव्या लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालूही झालेलं असेल आणि त्यांना पत्ताच नसेल! त्याची एक ४८ आकडी किल्ली असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल तर ती त्या खात्यात साठवलेली असते. आतला बोर्ड वगैरे बदलला की यंत्र अचानक ती किल्ली मागतं आणि मग घरात धावाधाव होते. मुलाने ते खाते कुठल्या मेलवर काढलं होतं, तेच कुणाला आठवत नाही.

काही डिस्क स्वतःच लिहितानाच गुप्त लिपीत लिहितात. पण नुसत्या त्यांच्यावर विसंबणंही बरं नाही. २०१८ साली नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही नामांकित कंपन्यांच्या एसएसडी डिस्कचं आतलं कुलूप पासवर्डशिवायही उघडता येतं. त्यानंतर, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरला डिस्कवर न विसंबता स्वतःच गुप्त लिपी करायला लावलं. म्हणजे मोठमोठ्यांची कुलपंसुद्धा दिसायला मजबूत आणि आतून पोकळ निघतात. माझी एकटीचीच फजिती झाली नव्हती, याचा मला जरा आधार वाटला, खोटं कशाला बोलू!

फजितीच म्हणाल तर अमेरिकेच्या सरकारची ऐका. मे २००६ मध्ये माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने लॅपटॉप आणि बाहेरची एक हार्डडिस्क घरी नेली होती. घरफोडी झाली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख माणसांची नावं, जन्मतारखा आणि सरकारी क्रमांक होते, आणि गुप्त लिपी-बिपी काही नव्हती. पुढे जूनअखेर तो ऐवज सापडला, माहितीला कुणी हात लावलेला दिसत नाही असं तपासात निघालं, तरी खटला झालाच आणि २००९ साली दोन कोटी डॉलर देऊन तो मिटवावा लागला. हाँगकाँगच्या एडिसन चेन या नटाचं प्रकरण तर अगदी माझ्यासारखं. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, दुकानातल्या माणसाने आतले खासगी फोटो उतरवून घेतले आणि २००८ साली ते जगभर पसरले. त्या माणसाला पुढे तुरुंगवास झाला. पण नटाबरोबरच्या ज्या मुलींचे फोटो होते, त्यांचं काय झालं असेल? नेहमीप्रमाणे तोंड लपवायची पाळी त्यांच्यावरच आली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली, परवानगीशिवाय लबाडीने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधली माहिती उतरवून घेणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाईचे खासगी अवयवांचे फोटो तिच्या संमतीवाचून काढले किंवा पसरवले तर ६६-ई आहे. पण पोलीस ठाण्याची पायरी चढेपर्यंत फोटो गावभर झालेला असतो, हे मी या कामात इतक्यांदा पाहिलंय की कायद्याच्या आधी मला आता कुलूप आठवतं.

तर आम्ही कुलूप लावलं. जुनीच डिस्क नव्या (म्हणजे पुन्हा सेकंडहँडच) लॅपटॉपमध्ये घातली, हार्डडिस्कचा पासवर्ड ठेवला आणि आतल्या मजकुरालाही गुप्त लिपीत घातलं. त्याआधी सगळ्याची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून तिलाही कुलूप घातलं, कारण डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. पासवर्ड काय ठेवायचा यावर मंडळात जी चर्चा झाली ती हळदीकुंकवाला सांगण्यासारखी आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, 'अंबरनाथ एक-दोन-तीन ठेवा, सगळ्यांच्या लक्षात राहील.' सगळ्यांच्या म्हणजे चोराच्याही! दुसरीने सुचवलं, चिठ्ठी लिहून लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटवा. मी म्हटलं, मग किल्लीही कुलपालाच बांधून ठेवूया. शेवटी चार अनोळखी शब्दांची एक माळ ठरवली, इंग्रजी अक्षरांत, साध्या छोट्या लिपीत. यंत्र सुरू होताना कळफलकावरची चित्रविचित्र चिन्हं दगा देऊ शकतात, असं त्या मुलानेच बजावलं होतं. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती फार मोलाची. लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटलं की तो झोपतो, बंद होत नाही, आणि झोपेतून उठताना डिस्क सहसा पासवर्ड विचारत नाही. म्हणून काम झालं की पूर्ण बंद करायचा. गॅसचा नॉब बंद करतो तसा.

एवढं सगळं करून मी निवांत झाले होते, तोच बदलापूरहून फोन आला.

मंडळाच्या कामातूनच ओळख झालेली एक वहिनी. नवरा घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचा. अतिशय काटेकोर माणूस. गिऱ्हाइकांचे आकडे कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने फार पूर्वीच हार्डडिस्कला पासवर्ड घातलेला. जे शिकायला मला एवढी फजिती करून घ्यावी लागली, ते त्याला आधीच ठाऊक होतं! एका पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. पन्नाशीही नव्हती.

तेराव्यानंतर वहिनीने लॅपटॉप उघडला. काळा पडदा आणि पासवर्डची चौकट. त्याच्या आत काय होतं? कुठल्या बँकेत किती, कुठली पॉलिसी, कुणाला हातउसने किती दिले. सगळी यादी. आणि मुलीचे फोटो, जन्मापासूनचे. पहिलं पाऊल, शाळेच्या गॅदरिंगमधलं पहिलं नाचणं. 'ताई, तुमचा तो मुलगा उघडून देईल ना?'

मी मोठ्या आशेने तिला घेऊन गेले. त्याने डबी काढली, केबल जोडली. माझ्या वेळी क्षणात उघडलेला तो पडदा या वेळी रिकामाच राहिला. 'आंटी, इसको सही ताला लगा है,' तो म्हणाला. आवाजात थोडं कौतुकही होतं. मी वहिनीकडे बघायचं टाळलं. डिस्क पूर्ण पुसून पुन्हा वापरण्याजोगी करून देता येईल म्हणाला. पण वहिनीला डबी नको होती, डबीतलं हवं होतं. कंपनीकडे विचारावं, तर कंपन्या सरळ सांगतात, हा पासवर्ड आमच्याकडे नसतो. मुंबईतल्या एका ठिकाणी 'प्रयत्न करू, खात्री नाही' असं म्हणाले. आकडा ऐकून ती परत आली.

पैशांचं बरंचसं मार्गी लागलं. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. एका कर सल्लागाराने तिची वारस म्हणून प्राप्तिकर खात्याकडे नोंद करून दिली. तिथे त्या माणसाच्या पॅनवर वार्षिक माहितीचं विवरण निघतं, एआयएस म्हणतात त्याला. कुठल्या बँकेने किती व्याज दिलं ते त्यात येतं. त्यावरून दोन ठेवी सापडल्या, ज्यांची तिला कल्पनाही नव्हती. ज्या ठेवींना दहा वर्षं कुणी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाची सोय केली आहे, घरातल्या जुन्या माणसांच्या नावे तिथेही शोधून बघावं. हातउसने दिलेल्यांपैकी दोघांनी स्वतःहून पैसे आणून दिले. बाकीच्यांनी चहा घेतला, 'फार चांगला माणूस होता हो' म्हणाले आणि गेले. राहिले ते फोटो. त्यांची कुठल्याही खात्यात नोंद नसते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या मंडळाचा पासवर्ड मला आणि खजिनदारबाईंना ठाऊक. आम्ही दोघी तर रोज एकाच रिक्षातून जातो! मग ती माळ एका कागदावर लिहिली, ४८ आकडी किल्लीही लिहिली, पाकीट लाखेने नाही पण फेविकॉलने बंद केलं, त्यावर आम्हा तिघींच्या सह्या केल्या आणि एकीच्या बँक लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलं. २६ जुलैनंतर कागदावरचा माझा विश्वास उडाला होता. शेवटी किल्ली ठेवायला कागदच उपयोगी आला. फक्त या वेळी तो दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेत आहे.

घरी 'ह्यां'नाही विचारलं, तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड काय? 'का गं, संशय आला का?' असं हसून उडवायला लागले. मी वहिनीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी चहाच्या बशीखाली एक घडी केलेली चिठ्ठी होती. आता ती कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही!

आमच्या भागात सेकंडहँड लॅपटॉप फार घेतले-विकले जातात, म्हणून जाता जाता एवढं सांगते. घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर तो पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायला लावा. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेल्या मालावर कधी कधी जुनी कुलपं तशीच असतात. आणि विकताना नुसतं 'डिलीट' करून भागत नाही. डिलीट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणं, पानं आत तशीच राहतात. बोहारणीला साडी देतानाही आपण पदराची गाठ चाचपून बघतो ना? तसं डिस्क काढून घ्या आणि मगच द्या. हजारभर रुपये कमी मिळतील.

त्या दोरे कापणाऱ्या बाईला मी नवा लॅपटॉप दाखवायला घेऊन आले होते. तिला चौकट दाखवली, मुद्दाम चुकीचा पासवर्ड घातला, यंत्राने नाही म्हटलं. पुन्हा घातला, पुन्हा नाही. तिने स्वतःच्या बोटाने एकदा काहीतरी दाबून बघितलं. मग म्हणाली, 'आता माझी पुढची तारीख लिहून घ्या.' आणि खुर्ची ओढून बसली.

बदलापूरच्या वहिनीने अजून डिस्क पुसू दिलेली नाही. तिने एक शंभर पानी वही केली आहे. दर रविवारी दुपारी, मुलगी क्लासला गेली की, ती लॅपटॉप लावते, चार-पाच शब्द घालून बघते, यंत्र अडलं की बंद करून पुन्हा चालू करते आणि नाही लागलेले शब्द वहीत लिहून त्यावर काट मारते. गावाचं नाव, कुलदैवत, मुलीचं पाळण्यातलं नाव, लग्नाची तारीख उलटी-सुलटी. परवा तिचा फोन होता. सासरच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत त्याच्या पहिल्या स्कूटरचे कागद निघालेत, दीर घेऊन येतोय.